धसकटं आणि टिलीचा पाय

हार्लननं बांधावरच्या ओकच्या झाडाला कॅमेरा बांधला आणि त्याचं तोंड बरोबर धम्मदीपच्या रानाकडे केलं, तेव्हा मी तिथंच होतो. हिरवट रंगाची एवढीशी डबी, पट्ट्यानं खोडाला आवळलेली. समोर काही हललं की आपोआप फोटो काढते. इथले शिकारी ती हरणांच्या वाटेवर लावतात. पण हरणं उतरतात वरच्या जंगलातून, आणि ही डबी बघत होती खाली, आमच्या ज्वारीकडे. मी धम्मदीपला म्हणालो, हा म्हातारा आपल्यावर पाळत ठेवतोय. तो म्हणाला, "अनिल, तुला सगळीकडे तेच दिसतं यार." दिसतं खरं. आणि बऱ्याचदा ते तिथं असतंही.

'आमची ज्वारी' म्हणतो, पण रान माझं नाही. मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात दोन पोरांबरोबर अपार्टमेंट शेअर करून राहतो आणि धम्मदीप ज्या लॅबमध्ये मातीवर काम करतो, तिथंच माझी पीएचडी रेटतो. त्यानं गेल्या वर्षी डोंगरापलीकडच्या खोऱ्यात एक जुनं फार्महाउस घेतलं, मागच्या तीन एकरांसकट. त्याची आई रत्नाबाई हिंगोलीकडच्या खेड्यातून त्याच्याकडे राहायला आली. मी त्यांना मावशी म्हणतो. दर शनिवारी त्यांच्या हातची भाकरी खायला जातो, आणि त्या बदल्यात सगळ्यांना फुकट सल्ले देतो.

रत्नाबाईंचा जन्म दुसऱ्यांच्या रानात राबण्यात गेला. लेकाची जमीन पहिल्यांदा बघितली तेव्हा त्या बांधावर बसून रडल्या, असं त्यांची सून उपासना सांगते. दुसऱ्या दिवशी मात्र डोळे पुसून ज्वारी पेरायचा हट्ट धरला. इंडियन स्टोअरातल्या पिठाची भाकरी थापताना चिरते आणि खाताना कडू लागते, ही त्यांची रोजची तक्रार होती. ज्वारी चांगली आली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात त्यांनी ती एकटीनं विळ्यानं कापली. लेकाला हातसुद्धा लावू दिला नाही.

हार्लन शेजारचा. सत्तरी उलटलेला, एकटा राहणारा. त्याच्याकडे टिली नावाची पांढरी, काळ्या ठिपक्यांची शिकारी कुत्री. इकडे दुसऱ्याच्या जमिनीत शिकारीला जायचं तर आधी दार ठोठावून विचारतात. तसा तो सप्टेंबरात टोपी हातात धरून आला होता. ज्वारीचे दाणे सांडले की रानात फेझंट येतील, म्हणाला. कोंबड्याएवढे पक्षी ते. मला टिलीला तिथं फिरवू द्या, हिवाळ्यात तुमच्या वाटेवरचा बर्फ मी ट्रॅक्टरनं काढून देईन. धम्मदीपनं लगेच हो म्हटलं. उपासनाला डिसेंबरात बाळ होणार होतं. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट लांब आणि चढाची, बर्फ पडला की त्यांची छोटी गाडी तिथं चढणं शक्य नव्हतं. हार्लनचा ट्रॅक्टर आला तर उपासना हॉस्पिटलात पोचणार होती. नाही आला तर काय, यावर घरात कुणी बोलत नव्हतं.

आणि मग टिलीचे पाय कापायला लागले. पहिल्या दिवशी पुढच्या पंजाखालची गादी चिरली. हार्लन दारात आला, रानात बाटल्या-बिटल्या फोडल्यात का म्हणून विचारलं. धम्मदीप नाही म्हणाला. पुढच्या खेपेला मागचा पंजा चिरला. या वेळी हार्लननं विचारलं, तुमच्याकडे कुणाला कुत्र्यांचा राग आहे का. विचारताना तो रत्नाबाईंकडे बघत होता. त्यानंतर ओकवर कॅमेरा आला.

माझं गणित वेगळं होतं. हे तीन एकर हार्लनलाच हवे होते, असं मी पशुखाद्याच्या दुकानात ऐकलं होतं. म्हणजे काचा त्यानंच टाकल्या असणार, आळ यांच्यावर घ्यायचा आणि हळूहळू यांना इथून उठवायचं. स्वतःच्या कुत्रीचा पाय कुणी कापून घेईल का, असं उपासनानं विचारलं. जमिनीसाठी माणसं काय करत नाहीत, असं मी तिला सुनावलं.

त्याच शनिवारी, कॅमेरा बांधून झाल्यावर, हार्लननं टिलीला ज्वारीच्या कापलेल्या रानात सोडलं. आम्ही सगळे बांधावर होतो. खरं सांगायचं तर मीच सगळ्यांना बाहेर काढलं होतं, म्हाताऱ्याच्या हातांवर नजर ठेवायला. टिली नाक खाली घालून झपाझप गेली, मध्येच थबकली आणि तीन पायांवर लंगडत परत आली. हार्लन गुडघ्यांवर बसला. त्यानं आमच्याकडे बघितलंही नाही, पण कुत्री हिसके देत होती आणि त्याला दोनच हात होते. रत्नाबाई पुढे झाल्या. टिलीचं डोकं काखेत घेतलं, एक हात गळ्याखालून घातला आणि तिच्याशी मराठीत बोलत राहिल्या. कुत्री गप्प झाली.

हार्लननं जाकिटाच्या खिशातून पिशवी काढली. बाटलीतल्या मिठाच्या पाण्याची धार धरून पंजा धुतला, माती निघून जाईपर्यंत. मग चिमट्यानं चिरेतून काहीतरी ओढून काढलं, चष्मा नसल्यानं डोळे बारीक करून बघितलं आणि चिमटा गवतावर झटकला. कापसाची घडी रक्त थांबेपर्यंत दाबून धरली. बोटांच्या फटीत थोडा थोडा कापूस सारला, वरून स्वतःलाच चिकटणारी पट्टी गुंडाळली. टोकाची दोन बोटं उघडी ठेवली. फार आवळलं तर पंजा सुजतो, ती दिसायला हवीत, असं तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. त्यावर रबरी मोजा चढवला.

मी मात्र रत्नाबाईंच्या हाताकडे बघत होतो. चिमट्यातून गवतात जे पडलं, ते रत्नाबाईंनी उचललं आणि मूठ मिटली.

हार्लननं टिलीला मानेवर घेतलं. जाताना धम्मदीपला सांगितलं, की हे कोण करतंय ते कळेपर्यंत तो कुत्री आणणार नाही. आणि ट्रॅक्टरही आणणार नाही. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्तच लागलं.

स्वयंपाकघरात मी मावशींना विचारलं, काय उचललं तुम्ही. त्या म्हणाल्या, "काय नाई." भाकरी थापायला बसल्या, पण हात नेहमीसारखा चालेना. मला पहिल्यांदा वाटलं, की चोर बहुतेक बांधाच्या अलीकडेच आहे. हे वाटल्याची मला लाज वाटली, पण वाटायचं थांबलं नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही जेवायला बसणार इतक्यात हार्लन आला. टिली बाहेर खांबाला बांधलेली. त्यानं टोपी काढली नाही. खिशातला फोन टेबलावर ठेवला आणि बोटानं एकेक फोटो पुढे सरकवला. सकाळचं धुकं. डोक्याला स्कार्फ बांधलेली बाई ज्वारीच्या ओळीत वाकलेली. शेजारी पोतं, हात जमिनीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच, पुढच्या ओळीत. धम्मदीपनं फोन जवळ ओढला. "आई, हे काय करत होतीस तू?"

रत्नाबाई उठल्या. मागच्या पडवीतून पोतं ओढत आणलं आणि सगळ्यांसमोर उलटं केलं. ज्वारीची धसकटं. कापणीनंतर जमिनीत उभी राहिलेली वीतभर खुंटं, मुळासकट उपटलेली, प्रत्येकाचं टोक तिरपं आणि कडक वाळलेलं.

"म्या तिरपा इळा मारला," त्या म्हणाल्या. "गावाकडं तसंच कापतेत. मागं ही खुटं ऱ्हातेत, सुईवानी. मंग आमी बाया ती येचायचो, मालकाच्या बैलाच्या खुरात जाऊ नयेत म्हून. हितं म्हनलं, कोन अनवानी चालतंय? समदे बूटवाले. कुत्रीचं ध्यानातच आलं नाई. त्या दिशी तिच्या पायातून निगालं तवा कळलं."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तिकडं मालकाचं कनीस कमी भरलं, का आमचीच वटी झाडून बगायचे. बांधावर हुबं करून, समद्यांम्होरं. हितं पयल्यांदा आपलं रान झालं, आन त्यात बी आपूनच गुन्हेगार? सूनबाईचे दिस भरत आलेत. त्यानं ट्रॅक्टर बंद केला तर काय करावं? म्हनलं गुपचूप येचून टाकू. कुनाला कळायचं नाई."

धम्मदीपनं हे सगळं हार्लनला इंग्रजीत सांगितलं. ओटी झाडून बघायचे, तेही सांगितलं. मी असतो तर तेवढं गाळलं असतं. हार्लननं एक धसकट उचललं, अंगठ्याचं टोक त्यावर टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. मग विचारलं, सगळं रान साफ झालंय का. रत्नाबाई हो म्हणाल्या. खात्री काय, त्यानं विचारलं.

रत्नाबाईंनी मोजे काढले, दाराजवळच्या बुटांत कोंबले आणि त्या तशाच रानाकडे निघाल्या.

त्यांच्या गावात वेचणी झाली की मुकादम त्याच बायांना अनवाणी रानात चालायला लावायचा. कुणी कळवळली नाही तर रान साफ. हे धम्मदीपनं मला चालता चालता सांगितलं, आणि मला संताप आला. बाहेर गवत हिव पडून पांढरं झालेलं. मी मावशींना गाठून म्हणालो, इथं कुणी मुकादम नाही, कुणी तुम्हाला चालायला सांगितलेलं नाही, हे बंद करा.

"त्यानं कुटं सांगितलं?" त्या म्हणाल्या. "म्या माज्या रानात चालाय लागले."

एका ओळीनं वर, दुसऱ्या ओळीनं खाली. पाय लाल झाले तरी त्या थांबल्या नाहीत. हार्लन टिलीची दोरी धरून मागे मागे. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. हसला असता तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक, पण तो हसला नाही. उपासना शाल घेऊन बांधावर उभी होती.

शेवटच्या काही ओळी राहिल्या आणि मावशी थांबल्या. ओरडल्या नाहीत, नुसत्या खाली बसल्या. टाचेच्या पुढे, तळव्याच्या मऊ भागात चीर पडली होती आणि रक्त हिवावर ठिबकत होतं. एक धसकट राहिलंच होतं. मला वाटलं, संपलं. आता हा म्हणणार, बघा, साफ नाहीये.

हार्लननं दोरी धम्मदीपच्या हातात दिली आणि गुडघे टेकले. जाकिटातून तीच पिशवी काढली. तीच बाटली, तीच पाण्याची धार. चिमट्यानं चीर नीट तपासली, घडी दाबून धरली, आणि कुत्रीची ती चिकटपट्टी मावशींच्या पायाला गुंडाळायला लागला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मावशीच धम्मदीपला म्हणाल्या, "त्याला सांग, लई आवळू नगं म्हनावं."

त्यानं पट्टी सैल केली. मावशींचा अंगठा चिमटीत दाबून सोडला, रंग परत येतोय का ते वाकून बघितलं. मग शेजारचं ते धसकट उपटून काढलं आणि उरलेल्या ओळींत स्वतः शिरला, म्हातारी कंबर वाकवून, बुटाच्या टोकानं माती चाचपत. दोन खुंटं सापडली. ती घेऊन परत आला, मावशींच्या पोत्यात टाकायची म्हणून मागितलं पोतं, ते घरीच राहिलेलं, म्हणून खिशात घातली.

मग तो उपासनाकडे वळला आणि डॉक्टरनं कुठली तारीख दिलीय ते विचारलं. तिनं डिसेंबरातली तारीख सांगितली.

"पहिली पोरं सांगितल्या तारखेला येत नाहीत," हार्लन म्हणाला. "या आठवड्यातच ट्रॅक्टरच्या चाकांना बर्फाच्या साखळ्या चढवून ठेवतो."