कृष्णवेणीबाईंची एकादशी

मित्रांनो, टी. नगरच्या एका इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरचा मी जुना मॉनिटर. भूल दिलेल्या माणसाचं हृदय काय म्हणतंय, ते मी पडद्यावर हिरव्या रेघेने दाखवतो आणि काही बिनसलं की बोंब मारतो. नवा होतो तेव्हा माझा भारी थाट होता. आयुधपूजेला चंदन-कुंकवाचा पहिला मान माझा असे. आता मला सगळे किरकिऱ्या म्हातारा म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही. मला छळते ती एक दुपार.

कृष्णवेणीबाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि ते दुर्बिणीतून काढायचे होते. भूल देणाऱ्या डॉक्टर श्रीरंजनींनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं. पण त्या दिवशी एकादशी होती. थोडं पाणी चालेल असं आदल्या दिवशी बजावूनही बाईंनी थेंबही घेतला नव्हता, आणि ते कुणी विचारलंही नाही. ठोके जरा जलद पडत होते. घाबरल्या असतील, असं सगळ्यांना वाटलं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात आधी पोटात गॅस भरतात, म्हणजे आत बघायला जागा होते. पण फुगलेलं पोट हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताची वाट दाबतं. ताणलेल्या पोटातून कधी कधी हृदयाला हळू चालण्याचा हुकूम जातो. त्यात टेबल डोक्याकडून उचललं की रक्त पायांकडे उतरतं. धडधाकट माणूस हे निभावून नेतो. बाईंच्या अंगात मात्र पाणीच कमी होतं.

गॅस भरला, टेबल उचललं. रक्तदाब घसरला. ठोके लांब लांब पडू लागले. मी ओरडलो. आणि माझी रेघ सरळ झाली.

मित्रांनो, ती सरळ रेघ मीच काढत होतो. त्या बाईंचा एकही ठोका माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

"गॅस सोडा, टेबल सपाट करा," श्रीरंजनी म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण हात छातीवर दाबू लागले होते. कुणी इंजेक्शन दिलं, कुणी सलाईन पूर्ण सोडलं. मग रेघेवर एक टेकडी उठली. बऱ्याच वेळाने दुसरी.

ऑपरेशन पुढे ढकललं. मला बाईंबरोबरच बाहेरच्या खोलीत नेलं. संध्याकाळी शुद्ध आल्यावर त्यांनी सलाईनची बाटली पाहिली आणि डोळे भरून आले. "हे पाणी अंगात गेलं की गे, रम्या. माझी एकादशी मोडली. सगळं नीट व्हावं म्हणून धरली होती मी."

लेकीने त्यांचा हात घट्ट धरला. "मोडली म्हणून तू आहेस, अम्मा."

आजही कुणाच्या पोटात गॅस भरू लागला की मला धडकी भरते. ठोके नीट असतात, तरी दोन टेकड्यांमधली सपाट जागा मला फार लांब वाटते. म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो. आपल्या माणसाला टेबलावर न्यायच्या आधी काय खाल्लं, काय प्यायलं, कुठलं व्रत धरलं, सगळं डॉक्टरांना सांगा. मी ओरडू शकतो, पण नेहमी वेळेत ओरडेनच असं नाही.