पापीरसाचे पान

२०१६ सालच्या एका शुक्रवारी सकाळी अल् खुवैरमधल्या एका व्हिलाच्या दिवाणखान्यात मस्कतचा सुशिक्षित मराठी समाज मांडीला मांडी लावून बसला होता. लेखापाल होते, तेलकंपन्यांचे अभियंते होते, एक दंतवैद्यही होते. पदव्यांचा एवढा साठा एका सतरंजीवर क्वचितच आढळतो. सर्वांच्या नजरा खिळल्या होत्या त्या पत्रानंद महाराजांच्या हातातल्या पिवळट, रेघारेघांच्या पानावर.

"हे साधं पान नव्हे, माऊली," महाराज म्हणाले. "इंग्रज याला पपायरस म्हणतो. बिचाऱ्याला उच्चार जमत नाही. मूळ शब्द आपला. पापी-रस! पाप्याचा रस शोषणारं पान. चार हजार वर्षांपूर्वी आपले ऋषी नाईलच्या काठी तप करत, तेव्हा ते यावरच लिहीत."

माना डोलल्या. या न्यायाने पापड हे केवळ पापी माणसांचे खाद्य ठरले असते. पण सभेत तेवढाही तर्क शिल्लक नव्हता.

विधी सोपा होता. भक्ताने पान छातीशी धरायचे आणि आपले पाप आठवायचे. महाराज त्यावर तांब्यातले तीर्थ शिंपडत आणि कोऱ्या पानावर रक्तासारखी लाल अक्षरे उमटत: 'पित्रुदोष', 'मस्तर'. प्राचीन इजिप्शियन पान अस्खलित देवनागरीत बोलत होते, तेही शुद्धलेखनाच्या चुकांसह. महाराजांनी सांगितलेली अनुष्ठाने पुरी झाली की पान कोरेच राही. कोरे पान म्हणजे पापमुक्ती, आणि पापमुक्ती म्हणजे रोगमुक्ती.

पुढच्या रांगेत अकरा वर्षांची पूर्वा आईवडिलांच्या मध्ये बसली होती. तिचे शरीर इन्सुलिन बनवत नाही; ते रोज टोचून घेतल्यावाचून ती जगू शकत नाही. तिचे वडील अजिंक्य वाळवंटातल्या पाइपलाइनींचा दाब मोजतात. तिथे काटा लाल रेघेपलीकडे गेला, तर काट्याचे प्रारब्ध तपासायला ते कोणाला बोलावत नाहीत. घरच्या साखर मोजण्याच्या यंत्राला मात्र हा मान नव्हता. मागच्या खेपेला लेकीच्या पानावर 'पुर्वजन्म' उमटला होता. आज तिचे पान कोरे राहिले.

"खलास!" महाराज गरजले. मराठीत मुरलेल्या या शब्दाचा आखाती उच्चारही त्यांनी तत्परतेने शोषून घेतला होता. "पाप खलास, रोग खलास! बाळ, आजपासून सुई बंद."

टाळ्या वाजल्या. अजिंक्यने डोळे पुसले. सुगंधाने नवऱ्याची बाही ओढली.

"अहो, पण डॉक्टर म्हणाल्या होत्या, एकही डोस..."

"तू डोळ्यांनी पाहिलंस ना, सुगंधा? अजून काय पुरावा हवा?"

"बाबा, बट आय नीड इट," पूर्वा कुजबुजली. "लंचच्या आधी घ्यायचं असतं."

"शंका म्हणजे पापाचं बी, बाळ," महाराज मधाळ स्वरात म्हणाले.

तेव्हा मागून विशाखा उठली. ती भारतीय शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवते आणि पूर्वाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते. पुढे येऊन तिने पूर्वाचे पान हातात घेतले.

"महाराज, हे पानच नाही. या झाडाला नाव घेण्यासारखी पानं नसतात. आपल्या नागरमोथ्याचा हा उंच भाऊ. याचा तिकोनी दांडा सोलून आतल्या गराच्या पट्ट्या काढतात. एक थर उभा, एक आडवा, मग दाब. या रेघा त्याच्या. तुमच्या ऋषींना पान आणि दांडा यांतला फरक कळत नव्हता का?"

"विद्वत्ता हीच माया, माऊली."

"असेल." तिने तांब्यात बोटे बुडवून एकमेकांवर चोळली. "हे तीर्थ साबणासारखं बुळबुळीत का लागतंय? पूर्वा, तुझी स्पिरिटची पट्टी दे गं."

पूर्वाने इंजेक्शनच्या पाऊचमधून पट्टी काढून दिली. विशाखाने ती हळदकुंकवाच्या तबकातल्या हळदीवर दाबून तिच्याच हातात परत दिली. मग महाराजांच्या चवडीतले, तीर्थ न लागलेले एक पान तिच्यापुढे धरले. "या पानावर तुझं नाव लिही."

"इन मराठी? माझं चुकतं."

"चुकू दे. महाराजांचंही चुकतं."

पूर्वाने लिहिले. एसीच्या वाऱ्यात स्पिरिट उडून गेले. पिवळटावर पिवळे, दंतवैद्यांनी चष्मा चढवूनही काही दिसेना. विशाखाने महाराजांचेच तीर्थ शिंपडले आणि लालभडक अक्षरे उमटली: 'पुरवा'.

"एक काना दिलात अजिंक्यभाऊ, की तुम्हाला हवा होता तो पुरावा," विशाखा म्हणाली. "तांब्यात धुण्याचा सोडा आहे. सोडा लागला की हळद लाल होते. पांढऱ्या कागदावर हळद लगेच दिसली असती, म्हणून हा पिवळट पपायरस. पापी भक्ताला हळदीनं लिहिलेला तुकडा, पुण्यवानाला कोरा. बस्स."

महाराज त्यांच्या व्यवसायाला साजेल असे सावरले. "पाहिलंत? अक्षरं कुमारिकेच्या हातूनही प्रकटली! ही बालिकेची शक्ती!"

दोन अभियंत्यांनी लगोलग पूर्वाच्या पायांकडे हात नेले. तिने पाय मागे ओढले.

"अंकल, प्लीज! इट्स जस्ट हळद!"

कोणीतरी हसले. कोणीतरी आपले कोरे पान हळूच खिशात सरकवले. अजिंक्य उठून विशाखाजवळ आला. "ताई, आज जर पूर्वाला इन्सुलिन नसतं दिलं..."

"संध्याकाळपर्यंत उलट्या. मग शुद्ध हरपली असती. त्यापुढचं मला बोलायला लावू नका."

सुगंधा तोवर लेकीला सुई द्यायला आतल्या खोलीत घेऊन गेली होती. तिने आता कोणाची परवानगी विचारली नाही.

जगातल्या सर्वांत जुन्या वैद्यकलेखांपैकी काही याच पपायरसवर आहेत. जखम कशी दिसते, कशी बांधावी, कुठली बरी होणार नाही, हे त्या माणसांनी नाईलकाठच्या एका गवतावर लिहून ठेवले, पुढच्यांच्या उपयोगी पडावे म्हणून. त्याच गवतावर एका मुलीचे औषध बंद करण्याचा हुकूम निघतो आणि पदवीधर टाळ्या वाजवतात. ज्याला आपण चमत्कार म्हणतो तो हातात घेऊन पाहा, दुसऱ्याच्या हाताने करून पाहा, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणाचेही औषध थांबवू नका. त्या जुन्या वैद्यांना इन्सुलिन ठाऊक नव्हते. असते, तर त्यांनी ते लिहून ठेवले असते. आपल्याला ठाऊक आहे. निदान त्याप्रमाणे वागावे.