मापाची चोळी

देवबागात बाईमाणसाचं माप घ्यायची रीत नव्हती. नवी चोळी शिवायची, तर शिवणारीकडे जुनी चोळी द्यायची. ती मापाची चोळी. तिच्याखाली कापड पसरायचं, कडेनं खडूची रेघ ओढायची, कात्री चालवायची. बाईला उभी करून अंगाभोवती पट्टी फिरवणं हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तुळसा गेली दहा वर्षं अशाच चोळ्या शिवत होती. भाऊ दत्ताराम याच्या पडवीत तिचं हातानं फिरवायचं मशीन होतं आणि मशीनशेजारी गावच्या बायकांच्या जुन्या चोळ्यांचा ढीग. नवरा मुंबईला गोदीत होता. तिथं त्यानं दुसरा संसार मांडल्याला दहा वर्षं झाली, तेव्हापासून ती माहेरीच.

तुळसाचं अंग दांडगं होतं. तिला तोंडावर कोणी काही म्हणत नसे, म्हणायची गरजही नव्हती. ती दत्तारामच्या होडीत चढली की तो मुकाट्यानं दोघातिघांना दुसऱ्या बाजूला बसवायचा. ते तिला दिसायचं. ती खाडीच्या पाण्याकडे बघत बसायची.

सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरात मालवणच्या दवाखान्यातून तिला बोलावणं आलं. सुईणीच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. दीड वर्ष केंद्रात राहायचं, जेवणखाण तिथलंच, आणि नंतर सरकारी नोकरी, दवाखान्यामागं राहायला एक खोली. सातवी पास झालेली वाडीतली ती एकटीच, म्हणून तर अर्ज करता आला होता. वयाची अट तीस. तुळसाला मार्गशीर्षात एकतिसावं लागणार होतं. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक कागद आणि पांढऱ्या कापडाचा गठ्ठा तिच्या हाती दिला. "दोन गणवेश शिवून न्यायचे. फ्रॉक. पुढे बटणं, कमरेला पट्टा, गुडघ्याखाली सहा इंच. कागदावर मापांचा तक्ता आहे." मग तुळसाकडे एकदा बघून त्या जरा चाचरल्या. "कापड सगळ्यांना सहाच वार मिळतं हं."

घरी भावजयीनं, लक्ष्मीनं, गठ्ठा सोडून बघितला.

"फ्रॉक? इस्कुलातली पोरां घालतत तसो? पाय उघडे टाकून?"

"गुडघ्याच्या खाली सहा इंच," तुळसा म्हणाली.

"तुमच्या घेरात आमची दोन पोरां लपाछपी खेळतली, वन्सं."

तुळसा हसली. लक्ष्मीच्या बोलण्याला काटे नसत. पण त्या रात्री तिनं कापड उशाशी घेतलं आणि विचार करत पडून राहिली. चोळी ती डोळे मिटून शिवली असती. पण चोळी बरगडीपाशी संपते. त्याच्या खाली बाईचं अंग केवढं असतं, हे तिला कधी कापडात मांडावंच लागलं नव्हतं. ते काम लुगडं करायचं, आणि नऊवारी लुगडं सगळ्यांना पुरतं.

तिनं आपली मापाची चोळी काढली. लग्नातली, एकोणिसाव्या वर्षाची. पुढच्या सगळ्या चोळ्या तिनं हिच्यावरूनच बेतलेल्या. शाळेतली लाकडी फूटपट्टी काढून तिनं पाठ मोजली, बगल मोजली, छातीवर एकत्र गाठ मारायची पुढची दोन्ही पाखं गाठीच्या वळीपर्यंत मोजली. छाती चाळीस. दोन इंच सैल ठेवले, बेचाळीस. कमरेखालचा घेर अंदाजानं वाढवला. साडेतीन वार कापड एका फ्रॉकलाच गेलं. उरलेल्या अडीच वारांत दुसरा होणार नाही हे दिसतच होतं, पण एक तरी नीट होऊ दे, दुसऱ्याचं तिथं गेल्यावर सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. तीन दिवस मशीन घरघरलं. सहा काजं तिनं हातानं केली, एकेक टाका तांदळाच्या कणीएवढा.

शुक्रवारी दुपारी लक्ष्मीला आत घेऊन तिनं माजघराचं दार लावलं आणि फ्रॉक चढवला. बाह्या दंडाला घट्ट बसल्या. आणि पुढच्या कडा एकमेकींपर्यंत पोचल्याच नाहीत. तिनं श्वास सोडला, पोट आत ओढलं, पुन्हा ओढलं.

"काजा एका गावाक नी बटणा दुसऱ्या गावाक," लक्ष्मी म्हणाली. "मधल्यान होडी जायत, वन्सं." मग तिनं तुळसाचं तोंड बघितलं आणि घट्ट बाह्या सोडवायला हात लावला.

तुळसानं फ्रॉक उतरवला आणि मापाची चोळी उजेडाला धरली. ती गेली अकरा वर्षं ही चोळी बघत होती, पण आज नीट बघितली. पाखांवर गाठीच्या वळ्या होत्या. एक नाही, पुष्कळ. ओहोटीला वाळूवर एकामागं एक रेषा उरतात तशा. आतली सगळ्यात जुनी, तिच्यावरूनच तिनं मोजलं होतं. ही चोळी अंगात जाईना तोवर तिनं घातली होती, आणि दर वर्षी गाठ बोटभर टोकाकडे सरकली होती. पुढच्या चोळ्यांचंही तेच झालं असणार. अंग वाढत गेलं, गाठ लहान होत गेली आणि तुळसाला वाटत राहिलं की माप तेच आहे. गाठ कोणालाच खोटं पाडत नाही. बटण पाडतं.

सोमवारी सकाळी केंद्रात हजर व्हायचं होतं. रविवारी पहाटेच निघायला हवं.

ती बाहेर आली. दत्ताराम जाळं सांधत बसला होता.

"वायच दोरी दी रे."

"केवढी?"

तिला सांगता येईना. "माझ्याभोवती फिरात एवढी."

दत्तारामनं मान वर केली नाही. हाताच्या अंतरानं दोरी मोजत गेला, जरा जास्तच मोजली आणि कोयत्यानं तोडली. "टोचूची नाय, मऊ आसा," एवढंच म्हणाला. "काम झाला की परत दी."

माजघरात लक्ष्मीनं दोरी धरली. तुळसाच्या अंगाभोवती कोणी हात फिरवल्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. लक्ष्मीचे हात गार होते. दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या. छातीपाशी दोरी जिथं भेटली, तिथं लक्ष्मीनं गाठ मारली. मग दोरी जमिनीवर सरळ पसरून तुळसानं फूटपट्टी लावली. पट्टी एकदा पडली, दोनदा, तीनदा, चारदा. चौथ्या पट्टीच्या टोकाला बरोबर गाठ.

"चार फूट," लक्ष्मी हळूच म्हणाली.

"अठ्ठेचाळीस इंच. कोणाक सांगू नको."

"मी कोणाक सांगतलंय, वन्सं?"

केंद्राच्या तक्त्यात छाती तीसपासून अडतीसपर्यंत होती. त्यापुढं कागद कोरा. तुळसानं भाच्याची पाटी घेतली. छाती दोन इंच वाढली की खांदा पाव इंच वाढत होता. तिनं त्याच हिशेबानं पाच ओळी पुढं नेल्या. चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. खांदा आला पावणेसोळा. दोरीनं मोजला तर पंधराच भरला. मांस वाढतं तशी हाडं वाढत नाहीत. तक्ता करणाऱ्यानं एवढ्या लांबवर विचार केला नसणार. तिनं पाटीवरचा आकडा पुसला आणि दोरीचा ठेवला. चोळीवरून बेतलेला फ्रॉकचा खांदाही पंधराच होता, त्याला हात लावायची गरज नव्हती.

मग तिनं फ्रॉकच्या दोन्ही बाजूंची शिवण उसवली. उसवलेल्या जागी जोडायला बगलेपासून खालच्या काठापर्यंत दोन लांब कळ्या कापल्या, वर पाच बोटं रुंद, खाली पसरट. दंडांत दोन लहान कळ्या. उरलेलं कापड जवळजवळ संपलं, हातरुमाल होईल एवढंच राहिलं. शनिवारी दिवसभर ती मशीनवरून उठली नाही.

संध्याकाळी तिनं फ्रॉक पुन्हा चढवला. पहिलं बटण लागलं. दुसरं लागलं. सहाही लागली, आणि ती अजून श्वास घेत होती. तिनं फळीवरचा डबा काढायला हात वर केला. काही ताणलं नाही, काही फाटलं नाही. कापड तिच्याबरोबर वर गेलं आणि तिच्याबरोबर खाली आलं. चोळीत हात वर करताना आपण नेहमी खांदा आखडतो, हे तिला आत्ता कळलं. घरातला आरसा तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकच काय ते दिसे, कॉलर, नाहीतर बटण, नाहीतर गाल.

"कशी दिसतंय गो?"

लक्ष्मी दारात कंदील घेऊन उभी होती. तिला थट्टा सुचली नाही. "दवाखान्यातली बाई दिसतास."

तुळसा पडवीत गेली. उघड्या पोटऱ्यांना वारा लागत होता आणि ते विचित्र वाटत होतं. दत्तारामनं जाळं बाजूला ठेवलं. बहिणीकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. "बरो झालो," तो म्हणाला. आणि मग, "उद्या होडयेत मधी बस. कोणाक हलवूक नको."

प्रवास तिनं लुगडं नेसूनच केला. मालवणाहून एसटीनं सहा तास. फ्रॉक बोचक्यात होता, मांडीवर ठेवलेला, आणि दोरी त्याच्या खिशात राहून गेली होती. परत द्यायला ती विसरली होती.

केंद्रात आणखी अकरा मुली आल्या होत्या, बहुतेक विशीतल्या. एका लाकडी पडद्यामागं तुळसानं लुगडं सोडलं, फ्रॉक घातला आणि बाहेर आली. दोघीतिघींनी एकमेकींना कोपरं मारली. तेवढ्यात मुख्य बाई आल्या. उंच, चष्म्याच्या. एकेकीचा गणवेश बघत त्या तुळसापाशी थांबल्या आणि बगलेची शिवण उलटून बघितली.

"ही कळी कोणी घातली?"

"मीच. घरी."

"शिकलात कुठे?"

"शिकले नाही, बाई. मोजलं."

बाईंनी इतर मुलींना बोलावलं. "बघा, खांदा कसा बसलाय. तुमच्यातल्या निम्म्याजणींचे खांदे लोंबतायत. दुसरा गणवेश?"

"कापड पुरलं नाही."

"बघू. काढू काहीतरी मार्ग," बाई म्हणाल्या.

तुळसा भिंतीला टेकली नाही. तशीच ताठ उभी राहिली, आणि तिला वाटलं, ही खोली, हा फिनेलचा वास, हे आपलं होईल.

मग डॉक्टर आले आणि तपासणी सुरू झाली. वजनाच्या काट्याशेजारी भिंतीवर एक तक्ता टांगलेला होता. एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला वजन पौंडांत. तुळसा काट्यावर चढली. डॉक्टरांनी वजनं सरकवली, आणखी सरकवली. उंची पाच फूट. वजन एकशे अठ्ठ्याऐंशी. तुळसानं तक्त्यातली पाच फुटांची ओळ शोधली. ती एकशे चाळीसला संपत होती. त्यापुढं भिंत होती, चुन्यानं रंगवलेली. तिच्या मनात नकळत पुढचे आकडे मांडले जाऊ लागले, आणि मग थांबले. हा तक्ता पाटीवर पुढं नेता येणारा नव्हता.

"नापास," डॉक्टर शांतपणे म्हणाले. ते वाईट माणूस वाटत नव्हते. "वजन कमी करा आणि पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी वय बसत नाही."

डॉक्टरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी हातातल्या कागदाकडे.

"मी रोज विहिरीवरून सहा हंडे आणते," तुळसा म्हणाली. "तारकर्लीपर्यंत चालत जाते नि येते. माका काय एक होत नाय." शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

"नियम वरून आलेत," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझ्या हातात असतं तर..."

दाराशी कारकून बसला होता. त्यानं तिचं नाव पुकारलं. "नापास उमेदवारांनी कापड जमा करायचं. शिवलं असेल तर शिवलेलं."

"हा दुसऱ्या कोणाला होणार नाही," तुळसा म्हणाली.

"उसवून दोघींचं होईल की."

ते खरंच होतं. ती पडद्यामागं गेली. सहा बटणं सोडली. लुगडं नेसली, चोळीची पाखं ओढून गाठ मारली, अगदी टोकाला, जेमतेम बसली. फ्रॉकच्या खिशातून दोरी काढली. मग फ्रॉकची घडी घातली, कळ्या आतल्या बाजूला, शिवण शिवणीवर, आणि आणून टेबलावर ठेवली.

कारकुनानं वही उघडली. "फ्रॉक एक. माप?" त्यानं लेखणी छापील रकान्यावर फिरवली. "तीस, बत्तीस, चौतीस, छत्तीस, अडतीस. यातलं कुठलं?"

अकराजणी उभ्या होत्या. मुख्य बाई होत्या, डॉक्टर हात धूत होते. तुळसानं हातातल्या दोरीची गाठ अंगठ्याखाली दाबली.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं.

कारकुनानं वर बघितलं. "एवढं छापलेलं नाही."

"मग हातानं लिहा. छाती अठ्ठेचाळीस. खांदा पंधरा."

या वेळी कोणी हसलं नाही. कारकुनानं अडतीसच्या पुढं, रेघेच्या बाहेर, ते दोन आकडे लिहिले. शाई वाळेपर्यंत तुळसा तिथंच उभी राहिली. मग तिनं बोचकं उचललं. त्यात आता फ्रॉकच्या जागी दत्तारामची दोरी होती, चार फुटांवर गाठ मारलेली. परतीची एसटी दीडला सुटत होती.