आधी जुना माल

"तुम्ही गोळी खरंच घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, आणि कटरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घेते म्हणजे काय! रोज पहाटे, उपाशीपोटी, डोळे धड उघडायच्या आत घेते. नवरा उशाशी उभा राहून हातावर गोळी ठेवतो, ती गिळते आणि तासभर चहाची वाट बघत पडून राहते. एवढं करूनही थायरॉइडचा रिपोर्ट कधी आकाशात, कधी पाताळात. आकडा चढला की डॉक्टरीणबाई डोस वाढवायच्या, उतरला की कमी करायच्या, आणि पुढच्या तपासणीला तो भलतीकडेच निघालेला असायचा. मधल्या काळात ती कधी भिजल्या पोत्यासारखी जड, तर कधी छातीत धडधड आणि हातांना कापरं.

त्या हातांवरच तर सगळं होतं. कपड्यांच्या कारखान्यात ती कटर होती. कापडाचे थर एकावर एक रचायचे आणि खडूच्या रेघेवरून मशीनचं पातं फिरवायचं. इतक्या वर्षांत पातं कधी सूतभर हललं नव्हतं. गेल्या महिन्यात हात थरथरला आणि बाह्यांचा अख्खा थर वाया गेला. फोरमनने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. त्याने थंडपणे तिला धागे कापायच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, पुढचा रिपोर्ट चांगला आला तर टेबल तुमचं, नाहीतर दुसऱ्याला कायमचं देईन. तोच रिपोर्ट आता डॉक्टरीणबाईंच्या हातात होता, आणि तो आधीपेक्षा वाईट होता.

डोस निम्म्यावर आणूनही गोळी जास्त झाल्यासारखा रिपोर्ट येतोच कसा, हे बाईंना कळेना. त्यांनी गोळ्या बघायला मागितल्या. शेजारी बसलेला नवरा जणू याचीच वाट बघत होता. त्याने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उघडून ठेवला.

नवरा यंत्रांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. नोकरी संपली तरी स्टोअर अंगातून गेलं नव्हतं. डब्यातल्या पट्ट्या त्याने खरेदीच्या क्रमाने, रबरबँड लावून रचल्या होत्या. एकेका गठ्ठ्यावर बोट ठेवत तो समजावून सांगू लागला, आणि आवाजात मुळीच संकोच नव्हता. "स्वस्त पडतात म्हणून तीन-तीन महिन्यांच्या एकदम घेतो, मॅडम. डोस बदलला म्हणून काय उरलेल्या फेकून द्यायच्या? आधी जुना माल संपवायचा, मगच नवा काढायचा. एक गोळी वाया गेलेली नाही."

बाईंचं पेन हातातच राहिलं. "म्हणजे मी वर्षभर एक डोस लिहितेय आणि यांच्या पोटात दुसराच जातोय," त्या सावकाश म्हणाल्या. "मी निम्मा केला, तरी तुम्ही आधीचाच मोठा देत होतात."

नवऱ्याने मान हलवली. अर्थ ध्यानात यायला त्याला थोडा वेळ लागला. बाईंनी नवी चिठ्ठी लिहिली, बाकीचे गठ्ठे बाजूला काढले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं.

दवाखान्याबाहेर येईपर्यंत तिने कसंबसं तोंड आवरलं. मग भर फुटपाथवर थांबून तिने विचारलं, "अहो, कुणी सहा नंबरचा बोल्ट मागितला, तर आधी आठचे संपू देत म्हणून आठचा द्यायचात का तुम्ही?"

"नाही," तो म्हणाला. "तसं कसं देईन?"

"मग?"

"मला वाटलं, गोळी तीच आहे. नुसता आकडा वेगळा."

तिला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. माणसाने वाईट मनाने केलं असतं तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. हा तर वर्षभर गजर न लावता तिच्यासाठी पहाटे उठत होता. असल्या मायेवर चिडायचं तरी कसं, याचीच तिला जास्त चीड आली.

तशीच ती कामावर गेली. घरी जा म्हटलं तरी तो मागोमाग आलाच. फोरमनने रिपोर्टवर नजर टाकली, पुढच्या तपासणीचं तिचं सांगणं ऐकलं आणि सहा आठवडे थांबणं जमणार नाही, टेबल आजपासून दुसऱ्याला दिलं, असं सांगून टाकलं. तिने मान डोलावली. तेवढ्यात नवरा पुढे झाला.

"साहेब, चूक हिची नाही," तो म्हणाला. मशीनचा आवाज होता, म्हणून मोठ्यानेच म्हणाला. "माल मी चुकीचा दिला. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं, पण झालं. जबाबदारी माझी."

आसपासच्या माना वर झाल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोरमनही अवघडला. "बरं बरं, काका," म्हणत तो दुसरीकडे वळला. टेबल काही परत मिळालं नाही. पलीकडे नव्या माणसाने पातं सुरू केलं. तिकडे न बघता ती बाकावर जाऊन बसली आणि तिने कात्री उचलली.

नवरा निघतो म्हणून सांगायला बाकापाशी आला. त्याच्या शर्टाच्या बाहीतून एक धागा लोंबत होता. असाच उसवलेला गावभर फिरला असणार. तिने वैतागून त्याचं मनगट धरलं आणि कात्री पुढे केली. पहिल्यांदा धागा कात्रीतून निसटला. दुसऱ्यांदाही निसटला.

"हलू नका हो," ती खेकसली.

"नाही हलत," तो म्हणाला, आणि धागा तुटेपर्यंत हात पुढे करून निमूट उभा राहिला.