कोरड्या तलावाची खोल बाजू

मित्रांनो, ज्याच्यात थेंबभर पाणी नाही त्याने स्वतःला तलाव म्हणवून घ्यावे का, असे तुम्हाला वाटेल. पण मला दुसरे नाव नाही. मी एक जुना पोहण्याचा तलाव आहे.

गावाच्या टोकाला, शाळेच्या मैदानामागे मला बांधले. गवंड्यांनी माझी एक बाजू उथळ ठेवली आणि दुसरी उतरती करत इतकी खोल नेली, की उंच माणूसही हात वर करून बुडावा. भिंती तळाला मिळतात तिथे त्यांनी कोपरे ठेवले नाहीत. थापीने घोटून घोटून छान गोलाई आणली. पहिल्यांदा पाणी भरले त्या दिवशी सगळे गाव काठावर लोटले होते. माझे कोण कौतुक झाले! गावातल्या दोन पिढ्या माझ्यातच हातपाय मारायला शिकल्या.

खोल बाजूच्या तळाशी, पाणी जायच्या वाटेवर एक लोखंडी जाळी होती. तिचा एक स्क्रू सैल झाला. पहारेकऱ्याने वर कळवले. वरच्यांनी 'बघू, करू' म्हटले आणि उन्हाळा तसाच सरत आला. एका दुपारी मुलींची पैज लागली, तळाला हात लावून कोण आधी वर येते. गावात शिवणकाम करणाऱ्या एका मावशीची मुलगी सगळ्यांत खाली गेली. तिचा पाय जाळीत अडकला. वर शिट्ट्या झाल्या, लोकांनी उड्या टाकल्या. पण उशीर झाला होता. तिच्या तोंडून सुटलेले बुडबुडे एकेक करून वर गेले. ते मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर माझे पाणी सोडून दिले आणि फाटकाला कुलूप लागले. माझ्यात पालापाचोळा साठला, फरशा निखळल्या. लोक माझ्या कडेने जाणे टाळू लागले. दुपारी कोरड्या तलावातून पाणी चुबुक-चुबुक वाजल्याचा आवाज येतो, असे ते म्हणत. मित्रांनो, ते खोटे नव्हते. आवाज मलाही ऐकू यायचा. तो माझा नव्हता, एवढेच मी सांगू शकतो.

एकटी मावशी तेवढी यायची. पहारेकरी मुकाट्याने तिला फाटक उघडून द्यायचा. काठावर पाय सोडून ती शिवत बसायची आणि दोरा तोडताना खोल बाजूकडे बघायची.

मग एके दिवशी तारेच्या कुंपणाखालून मुले आत सरकली. त्यांच्या काखेत चाके लावलेल्या फळ्या होत्या, स्केटबोर्ड. त्यांची म्होरकी होती एक हडकुळी मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत. आधी ही मुले बाजाराच्या उतारावर खेळायची. दुकानदार ओरडायचे, गाडीवाले शिव्या द्यायचे. शेवटी भिंगरीच्या धाकट्या भावाला दुधाच्या गाडीने उडवले. जीव वाचला, पण पाय मोडला. म्हणून मुले जागा शोधत माझ्यापर्यंत आली. त्यांनी मला झाडून लख्ख केले आणि माझ्या गोलाईवरून फळ्या सोडल्या. घर्रर्र करत चाके वर चढली, क्षणभर थांबली, परत खाली आली. किती वर्षांनी माझ्या अंगात धडधड झाली!

पण एक गोष्ट मला खटकली, आणि मावशीलाही. जाळीजवळ आले की प्रत्येक मूल वळसा घालायचे. एकही सरळ जायचे नाही.

"तू तिथं का वळतेस गं?" मावशीने विचारले.

"कुठं?" भिंगरी म्हणाली.

"त्या जाळीपाशी. तिथं तर काहीच नाही."

भिंगरीने वळून पाहिले. तिच्या हातावर काटा आलेला मला दिसला. "माहीत नाही मावशी. कुणी मध्ये उभं असलं की आपण वळतोच ना?"

तिला त्या बुडालेल्या मुलीबद्दल कुणी काही सांगितलेले नव्हते. मावशीने शिवण खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी ती आली ती जुन्या रजयांचे गुडघ्याला बांधायचे पट्टे शिवून घेऊन. सगळ्या मुलांसाठी.

याच सुमारास नगरपालिकेने मला बुजवून गाड्या लावायला जागा करायचे ठरवले. मातीचे ढीग फाटकाशी येऊन पडले. एका धुकट संध्याकाळी नगराध्यक्ष पाहणीला आले आणि त्यांच्यामागे निम्मे गाव आले. भिंगरी वाट अडवून उभी राहिली.

"रस्त्यावरून हाकलता, इथूनही हाकलता. मग आम्ही जायचं कुठं? इथं आम्हाला स्केट पार्क करून द्या."

"घरी बसा की!" एक दुकानदार म्हणाला. लोक हसले.

"बाळ," नगराध्यक्ष समजुतीने म्हणाले, "या तलावानं एक लेकरू गिळलंय. इथं मी तुम्हाला कसं खेळू देऊ? मावशी, तुम्हीच सांगा हिला."

सगळ्यांना वाटले, मावशी म्हणणार, बुजवा. ती काठावरून उठली.

"माती टाकाल साहेब," ती म्हणाली, "पण ती अजून तिथं उभी आहे. तिच्या डोक्यावर टाकणार का?"

कुणी हसले नाही. वारा पडलेला होता, तरी माझ्या तळाशी नव्याने पडलेली पाने सरसरत बाजूला झाली. आणि खोल बाजूकडून आवाज आला, चुबुक. नगराध्यक्षांनी नकळत वाकून आपल्या बुटाला हात लावून पाहिला. तो कोरडा होता.

मावशीचा आवाज मात्र कापला नाही. "माझी पोर तलावानं नाही गिळली. एक स्क्रू आवळायचा राहिला, म्हणून ती गेली. जागा बंद केली म्हणून पोरं खेळायची थांबतात का? ती गाडीखाली जातात. ती जाळी काढा, इथं नीट बांधून द्या. आणि रोज कुणीतरी खाली उतरून हात फिरवून बघायचं. तुमच्याकडे माणूस नसेल तर मी बघीन."

नगराध्यक्ष निघून गेले. पुढे बरीच भवति न भवति झाली. कुणी म्हणाले, भुताच्या खड्ड्यात पोरे घालणार का. कुणी म्हणाले, चार टवाळांसाठी एवढा खटाटोप कशाला. पण माती टाकायला एकही मजूर खाली उतरेना. अखेर माती परत गेली आणि गवंडी आले. त्यांनी जाळी काढून भोक पक्के बुजवले, भेगा भरल्या, माझा तळ आरशासारखा घोटला. फाटकाचे कुलूप निघाले.

आता मावशी रोज सकाळी खाली उतरते. तळहाताने मला चाचपते. कुठे खडा, कुठे चीर, सगळे बघते. खोल बाजूला पोचली की थोडी थांबते आणि केस विंचरावेत तशी हवेत बोटे फिरवते.

परवा संध्याकाळी भिंगरी उथळ बाजूकडून सुसाट आली आणि त्या जागेवरून सरळ निघून गेली. मावशी चपापली.

"आज वळली नाहीस?"

"आज तिथं कुणी नव्हतं." भिंगरी दम खात थांबली. मग हळूच म्हणाली, "तुमच्या शेजारी बसलीय ना."

मावशीने मान वळवून पाहिले नाही. तिने फक्त डावीकडची शिवणाची टोपली उचलून उजवीकडे ठेवली.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी पडीक जागा असेल. ती बुजवण्याआधी मुलांना विचारा. माझ्याकडे जरूर या, गुडघ्याला पट्टे बांधून या. कुठे काही सैल दिसले तर त्याच दिवशी सांगा, कारण आम्हाला आमचे दुखणे बोलता येत नाही. आणि दमून काठावर बसायचे झाले, तर मावशीच्या डाव्या हाताची जागा तेवढी मोकळी ठेवा.