तुटून पडणारी तृप्ती

शंभरपैकी एकशे सहा गुण मिळाल्याचं आजवर कोणी ऐकलं नसेल, आणि ऐकलं तरी कोणाला पटणार नाही. पण दवाखान्यासमोरच्या टपरीवर गोमाजी ते शपथेवर सांगत. तीस वर्षं वॉर्डबॉय म्हणून गाद्या उचललेला हा म्हातारा. सकाळची ड्युटी संपवून आलेली हर्षा नर्स समोर चहा फुंकत होती.

"हसू नको पोरी," गोमाजी म्हणाले, "तुह्याच मैतरणीची गोष्ट हाय."

तृप्ती पवनीची. नर्सिंग झालं आणि भंडाऱ्यात या खाजगी दवाखान्यात लागली, आयसीयूत. दोन वर्षांचा बाँड, अन् दहावीपासूनची सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसच्या लोखंडी कपाटात. आठ महिन्यांत ती इतकी उतरली, की लिफ्टमध्ये ती एकटी उभी असली तर लिफ्ट रिकामी समजून हलायचीच नाही. सुट्टी मागितली की मेट्रन सुशीलाबाई म्हणत, "जा ना. बदली नर्स आणून दे, अन् जा."

मग नोटीस लागली: 'नवीन परिचारिकांची मानसिक लवचिकता मोजण्यात येईल.' नागपूरहून हेमराज सर फॉर्म घेऊन येणार होते. मेसमध्ये कुजबुज झाली, जिची लवचिकता कमी निघेल तिला बाँडमधून मोकळं करणार. त्या दिवशी तृप्ती कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

नापास व्हायला तिला खोटं लिहायचीही गरज नव्हती. पहिलंच वाक्य: 'कामाचा ताण वाढला की मी तुटून पडते.' दुसरं काय होत होतं? बाथरूमची कडी लावून ती रोज तुटून पडे; नळाला पाणी नसलं तरी बादली भरे. तिनं खूण केली, 'नेहमीच'. 'ड्युटीवर मला तहानभुकेचं भान राहत नाही.' पाणी प्यायला सोडतं कोण? नेहमीच. 'घरी गेले तरी वॉर्ड डोक्यातून जात नाही.' मॉनिटरची टीं-टीं झोपेतही कानात वाजे. नेहमीच. पंचवीसच्या पंचवीस वाक्यांपुढे तीच खूण.

आठवड्यानं हेमराज सरांनी सगळ्यांसमोर निकाल वाचला. "कामावर अशी तुटून पडणारी, तहानभूक विसरणारी नर्स मी पाहिली नाही. शंभराची पट्टी अपुरी पडली, सहा वरून द्यावे लागले."

"सर, तसं नाही," तृप्ती म्हणाली. "तुटून म्हणजे मी रडून..."

"विनयसुद्धा आहे," सर म्हणाले आणि तेही लिहून घेतलं.

सुशीलाबाईंनी तिच्या हाती गुलाबाचं फूल दिलं आणि ड्युटीचं रजिस्टर उघडलं. "एवढी लवचिक हायेस तं डबल ड्युटी जमते तुले. अन् बाँड आणखी एक वरीस वाढवू. तुह्यासारखी कुठं भेटते?"

कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला होती. तृप्ती फूल धरून त्या किल्लीकडे बघत राहिली.

"मंग?" हर्षानं विचारलं.

"मंग काय? एकशे सहा लवचिकता म्हणजे गंमत वाटली काय तुले? पोरीनं सोताले रुमालासारखं दुमडलं, ऑफिसच्या खिडकीच्या गजांतून आत गेली, कपाटाच्या फटीतून सर्टिफिकेटं ओढली, अन् पवनीच्या यष्टीत जाऊन बसली. म्या हात हलवला तिले."

हर्षानं कप खाली ठेवला.

"खोटं बोलून राहिले काका. दोन वाजता मीच तिले चार्ज देऊन आली. वरतंच हाय ते, आयसीयूत."