मालकाची तब्येत

जागा घ्यायची म्हटलं की ओळखीतले लोक मला येऊन विचारतात, वहिनी, काय काय बघायचं असतं? मी वकील नाही. एका साइटपायी, म्हणजे प्लॉटपायी, कागद वाचत वाचत जे कळलं तेवढंच सांगते. मूळ दस्त बघा. जागेवर कुणाचा बोजा नाही ना ते बघा. खाता, म्हणजे पालिकेतली नोंद, कुणाच्या नावावर आहे, कर कुणी भरलाय ते बघा. आणि मालकाची तब्येत बघा. यावर लोक हसतात. मी चहा टाकायला आत जाते.

एक्क्याण्णव साली आम्ही नागपूरहून बेंगळुरात येऊन चार वर्षं झाली होती. इंदिरानगरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि पुरुषोत्तमला, म्हणजे आमच्या ह्यांना, स्वतःच्या घराचं वेड लागलं होतं. एचएसआर लेआउटमध्ये तेव्हा नुसते हद्दीचे दगड, गाजरगवत आणि वारा. सरकारने तिथल्या साइट लोकांना दिलेल्या, पण दहा वर्षं विकायच्या नाहीत या अटीवर. विकत सगळेच होते. त्याची एक ठरलेली रीत होती. मालकाने पैसे घ्यायचे, साठेखत आणि मुखत्यारपत्र करून द्यायचं आणि दहा वर्षं सरली की येऊन खरेदीखतावर सही करायची. तोवर घेणाऱ्याने दगडाकडे बघत बसायचं.

आमचे मालक हयवदनराव. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, बायको गेलेली, बसवनगुडीत दोन खोल्यांत एकटे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर साताऱ्याकडून आले आणि इथलेच झाले. मराठी मात्र घरात टिकवलेली, कानडीच्या हाताला धरून चालणारी.

पैसे देऊन झाल्यावर आम्ही कागद वकिलांना दाखवले. आधी दाखवायचे असतात, हे मी आता सांगते. वादिराज वकिलांनी मुखत्यारपत्र वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"देणारा आहे तोवर हे पत्र आहे. तो गेला की हा कागद रद्दी. वय काय त्यांचं?"

"सदुसष्ट," हे म्हणाले.

"बीपी वगैरे?"

ते आम्ही विचारलंच नव्हतं. हयवदनराव सहीआधी गेले तर जागा त्यांच्या दिल्लीच्या मुलीची, कावेरीची होणार. तिने सही द्यायला नको म्हटलं तर कोर्टात आयुष्य जाणार. मुखत्यारपत्रावर बँक घर बांधायला कर्जही देईना. म्हणजे मुदत अठ्ठ्याण्णवमध्ये संपेपर्यंत तो माणूस जगायला हवा होता. आमची सगळी पुंजी त्यांच्या छातीत धडधडत होती म्हणा ना.

तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही बसवनगुडीला जाऊ लागलो. जपत होतो ते घराला, पण घराला दम्याचा त्रास होता. त्यांचं लोणचं मी बंद केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यात थेंब घालायला आठवडाभर जात होते. पुरुषोत्तम कामावरून फोन करून विचारायचा, "साइटला आज ताप आहे का?" मी हसायचे, आणि मग हसल्याचं वाईट वाटायचं.

हयवदनराव आमच्यासाठी कॉफी स्वतः करायचे. मग कराच्या पावत्या, वाटपाचं पत्र, सगळं लावून ठेवलेलं पाकीट काढायचे आणि एकेक कागद मला दाखवायचे. दर वेळी तेच कागद. आमच्या गप्पा त्या कागदांवरून सुरू व्हायच्या आणि कुठे कुठे जायच्या. त्यांच्या बायकोला लेआउटच्या त्या कोपऱ्यात पारिजात लावायचा होता, हे मला तिथेच कळलं.

मुदत संपली. सरकारी कागद त्यांच्या नावाने आले. आता फक्त खरेदीखत राहिलं होतं. आणि नेमके तेव्हापासून हयवदनराव पुढे ढकलायला लागले. आषाढ नको. मग पितृपक्ष. मग गुडघा. वकील चिडले. शेजारच्या साइटचे भाव ऐकून पुरुषोत्तमला वाटलं, म्हाताऱ्याला कुणीतरी जास्त देऊ केलंय. तो मला म्हणाला, तूच विचार, तुझ्याशी बोलतात ते.

एका दुपारी मी एकटी गेले. ते दूध तापवत होते. मी सरळ विचारलं, अण्णा, आणखी पैसे हवेत का.

ते पातेल्याकडेच बघत राहिले. "पैसे काय करू, अक्का? स्वल्प थांबा, दूध वर येतंय."

दूध उतरवून झाल्यावर म्हणाले, "ह्या घरात कोण येतं? गॅसवाला येतो, तुम्ही येता. कुणाला पाहिजे असलेली माझ्याजवळ एकच वस्तू उरली आहे. ती दिली की तुम्ही कशाला याल?"

"येऊ की."

"सगळे तसंच म्हणतात. तुम्ही खोटं बोलता असं नाही हं. कामं असतात."

मी उठले. कपबश्या मांडल्या. त्यांनी कॉफी ओतली, दोन घोट घेतले आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. शुक्रवारी येतो."

शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आले. जिन्यात तीनदा थांबले. पानापानावर सही केली, डावा अंगठा उठवला. पैसे मिळाले का, राजीखुशीने विकता का, असं साहेबाने कानडीत विचारलं. "हौदु," ते म्हणाले, म्हणजे हो. मग अंगठ्याची शाई कुठे पुसावी ते त्यांना कळेना. मी पदर पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतला आणि सगळ्यांसारखी भिंतीलाच पुसली.

पुढच्या महिन्यात रविवारी मी तयार झाले. बँकेचे कागद चालू होते, नकाशे आले होते. पुरुषोत्तम त्यांतून डोकं वर न काढता म्हणाला, "आता कशाला?" वाईट मनाने नव्हे. मी एकटीच गेले.

दार उघडून हयवदनराव माझ्याकडे बघत राहिले. कॉफी केली. आम्ही समोरासमोर बसलो आणि बोलायला काही सापडेना. पाकीट बँकेत गेलेलं. मी खोकल्याचं विचारलं, त्यांनी पावसाचं सांगितलं. बाहेर गॅसवाला सिलिंडर वाजवत गेला, तेवढाच आवाज. कप रिकामे झाले तसे ते जरा पुढे झुकले.

"कुठली सही राहिली आहे काय, अक्का?"

त्यांचा हात शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे गेला होता.

"हो," मी म्हटलं. "एक राहिलीय. वकील म्हणतात, त्याशिवाय पुरं होत नाही."

"असं म्हणता?" ते सरसावून बसले. "मग पुन्हा त्या कचेरीत यावं लागेल की."

"नाही नाही. घरीच. कागद तयार झाला की घेऊन येते."

"घाई नाही ना?"

"मुळीच नाही."

पुढच्या रविवारी मी ह्यांच्याकडून साध्या कागदावर एक प्रतिज्ञापत्र टाइप करून घेऊन गेले. लिहून देणार हयात असून सदर जागेबाबत त्यांची काही तक्रार नाही, इतकाच मजकूर. हयवदनरावांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, एका ओळीवर बोट ठेवून शंका काढली. म्हणाले, हे वादिराजांना विचारून या. मी विचारून आले. पुढच्या खेपेला त्यांनी दुसरी शंका काढली. त्यांना किती कळलं होतं ते मी कधी विचारलं नाही. आमचं जोतं झालं, भिंती उठल्या, प्रत्येक वेळी मी तो कागद नेत होते आणि सहीशिवाय परत आणत होते.

स्लॅब टाकला त्या आठवड्यात कावेरीचा दिल्लीहून फोन आला. झोपेतच गेले म्हणाली. वडिलांच्या वहीत तुमचाच नंबर होता, त्यांचं तुमच्याकडे काही राहिलंय का?

काही नाही, मी म्हटलं. सगळं पुरं झालंय.

तो कागद अजून आमच्या कपाटात आहे, सहीची जागा रिकामी. त्यावाचून कुणाचंच काही अडलं नाही.